पंप माझ्यावर सोडा

७ नोव्हेंबर, शुक्रवार

घसरली! एका हातात चहा, खांद्याला बॅग, आणि मागच्या दारच्या लाकडी डेकवर पाय असा सटकला की चहा कुंडीत आणि लेक कठड्याला लटकलेली. नशीब, लागलं नाही. पण तोंडाचा पट्टा सुरू झाला — "हा डेक आहे की साबणाची वडी? कोपऱ्यात शेवाळ, मधे रंगाचे पोपडे! मी परत येईपर्यंत एक तर हा खरवडून स्वच्छ झालेला हवा, नाहीतर उखडून टाका, टाइल्स घालू!"

ती पूल बांधणारी इंजिनियर. खांबांना दम द्यावा तसा माणसांनाही देते. आता दोन आठवडे साइटवर. टॅक्सीत बसताना मला म्हणाली, "बाबा, लक्ष ठेवा." कशावर, ते सांगितलं नाही.

जावई दारात उभे होते. डेककडे बघून म्हणाले, "हं."

८ नोव्हेंबर, शनिवार

घरजावई सगळ्यांनी पाहिलेला असतो. मी घरसासरा! ही गेल्यावर लेकीने मला उचलून इथे आणलं, त्याला आता वर्ष होईल. जावई चांगले आहेत. तक्रारीला जागाच नाही — तीच तर पंचाईत. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देतात, स्वयंपाकघरामागच्या खोलीत कामाचं टेबल आहे. माझी कवळीही त्यांनीच केलेली. ज्याने दात दिले त्याच्यावरच दातओठ खायचे तरी कसे!

लेक नसली की घराचं वाचनालय होतं. आज सकाळी तीन अंडी उकडली. एकेक खाल्लं. तिसरं बशीत. "घ्या ना बाबा." "छे छे, तुम्ही घ्या." "नको नको, तुम्हीच." अंडं फ्रिजमध्ये गेलं. संध्याकाळी बाहेर आलं, तेच बोलणं झालं, परत आत गेलं.

ठरवलंय — डेक मी करणार. जन्म पाणीपुरवठ्याच्या पंपघरात गेला. माणूस आत उभा राहील एवढ्या नळांतून सगळ्या शहराला पाणी पाठवलं, चार फळ्या धुणं म्हणजे काय! निदान बसून खातोय असं तरी वाटणार नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

शेजारी एक निवृत्त मास्तर आहेत, हौशी. त्यांच्याकडे गाडी धुवायचं प्रेशर मशीन. "न्या हो, पाच मिनिटांत चकाचक!" म्हणाले. आणलं. पाण्याचा जोर बघून जुने दिवस आठवले. नोझल जरा जवळ धरलं, आणि — रंग गेला खरा, पण लाकूडही गेलं! फळीत बोटभर रुंद चर. आजूबाजूला लाकडाला लव फुटली, ओल्या मांजरासारखी. मास्तर कुंपणापलीकडून म्हणाले, "जरा लांबून धरायचं होतं." आता सांगतायत!

जावई आले. खाली बसले. चरावरून बोट फिरवलं — फार हळू, एखाद्याच्या जखमेवरून फिरवावं तसं. मला वाटलं, आता बोलतील.

"हं."

त्या एका "हं"पेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

१० नोव्हेंबर, सोमवार

दोघं मिळून अवजारांच्या दुकानात गेलो. तिथली बाई भलती फटकळ. "जोराचं काम जोराने करू नका, औषधाने करा," म्हणाली. आधी रंग काढायचं औषध — ते कॉस्टिकचं, जहाल. ते जुना रंग सोडवतं. मग घासायचं, धुवायचं. नंतर लाकूड उजळायचं औषध, ते आंबट जातीचं. कॉस्टिकने लाकूड काळवंडतं, ते याने परत मूळ रंगावर येतं.

मी विचारलं, "लावायचं कशाने?"

"औषध दाट असेल तर रोलर नाहीतर ब्रश. पातळ असेल तर फवारा. तुमचं पातळ आहे. हे घ्या," आणि तिने हाताने हवा भरायचा एक पंप पुढे केला. सगळा प्लॅस्टिकचा, आतले वायसर वेगळ्या जातीच्या रबराचे. बॅटरीवरचाही दाखवला. मोठ्या कामाला थेट पिंपातून औषध ओढणारं मशीनही होतं, पण एवढ्याशा डेकला ते म्हणजे डास मारायला तोफ.

मी प्लॅस्टिकचा पंप हातात घेतला, दांडा वरखाली केला. खेळणं! म्हटलं, "घरी माळ्यावर झाडांना फवारायचा जुना पंप आहे. धातूचा. दणकट. त्याचे वायसर बदलले की झालं."

बाई म्हणाली, "औषध काय आहे ते लक्षात घ्या हं आजोबा." हे 'आजोबा' मला लागलं. मी म्हटलं, "पंप मला नका शिकवू."

तिने जावयांकडे पाहिलं. जावयांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाबा म्हणतात तसं करू."

औषधं घेतली, पंप नाही घेतला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पंप खोलला, धुतला, वंगण लावलं, नवे वायसर घातले. पाणी भरून मारून पाहिलं — काय फवारा! पंख्यासारखा, एकसारखा, थेंब गळत नाही. हात अजून विसरलेले नाहीत. फार बरं वाटलं.

जावई औषधाचा डबा हातात घेऊन आले. चष्मा कपाळावर, डबा नाकाला टेकलेला. "बाबा, यावर असं लिहिलंय की..."

मी म्हटलं, "अहो, तुम्ही दातांचं बघा. पंप माझ्यावर सोडा!" हसत म्हटलं, पण म्हटलं.

"हं," म्हणाले आणि गेले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ढग. औषध वाहून जाईल. उद्या.

१५ नोव्हेंबर, शनिवार

अक्षर लागणार नाही, तरी लिहितो. लिहिलं नाही तर झोप लागायची नाही.

सकाळी सावली होती तेव्हाच सुरुवात केली. झाडांना भरपूर पाणी घातलं, वर जुन्या चादरी टाकल्या. हातमोजे दोघांना होते. गॉगल एकच — जावयांच्या टेबलावरचा. "बाबा, तुम्ही घाला." "नाही हो, तुमचा आहे, तुम्ही घाला." "नको, तुम्हीच." अगदी त्या अंड्यासारखं. शेवटी त्यांनी माझ्या डोक्यावर स्वतःच चढवला. मी चढवू दिला.

औषध भरलं. हवा भरली. पहिला हात उत्तम गेला. दुसऱ्या हाताला पंपाच्या मुठीपाशी पांढरट फेस दिसला, आणि आत काहीतरी बुडबुडल्यासारखा आवाज. पाणी कधी असं बोलत नाही. मला तेव्हाच थांबायला हवं होतं. मी म्हटलं, "जरा गळतंय वाटतं." जावई बघायला वाकले — आणि नळी सुटली. फट् झालं. औषधाची चिळकांडी थेट त्यांच्या तोंडावर.

ओरडलेसुद्धा नाहीत. नुसते खाली बसले, दोन्ही हात डोळ्यावर.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. मी त्यांचे हात ओढून काढले. बागेची नळी ओढली. डोकं मांडीवर घेतलं आणि डोळ्यावर पाण्याची धार धरली — जोर अजिबात नाही, नुसतं वाहतं पाणी, नाकाकडून कानाकडे, म्हणजे दुसऱ्या डोळ्यात जायला नको. पाणी एवढं एकच मला कळतं. पण डोळा घट्ट मिटलेला. आणि मी ओरडलो — "डोळा उघड! अरे गाढवा, डोळा उघड म्हणतो ना! उघड!" बोटांनी पापण्या फाकवल्या. तो तडफडत होता, माझं मनगट धरून दूर ढकलत होता. मी सोडलं नाही. "हलू नकोस! हलशील तर थोबाडीत देईन!"

मास्तर कुंपणावरून डोकावले. त्यांना म्हटलं, "गाडी काढा!" त्यांनी काढली. तोवर, आणि गाडीतही, बाटल्यांमागून बाटल्या पाणी ओतत राहिलो. मास्तरांची सीट भिजली. एका शब्दाने बोलले नाहीत. देवमाणूस.

हॉस्पिटलात आत नेलं. मला बाहेर बसवलं. भिजलेली पँट, डोळ्यावर अजून तो गॉगल. त्या काचेतून सगळं हिरवं दिसत होतं. काढायचं सुचलं नाही. एकच विचार — लेकीला काय सांगू? की तुझ्या नवऱ्याचा डोळा मी...

पुढे लिहीत नाही.

डॉक्टरीण बाहेर आल्या. तरुण होत्या, थकलेल्या. म्हणाल्या, "पाणी कोणी मारलं?"

मी हात वर केला. शाळेत करतात तसा.

"लगेच मारलंत आणि थांबला नाहीत, म्हणून निभावलं. वरचा पडदा भाजलाय, पण खोलवर गेलेलं नाही. भरून येईल. दृष्टीला धोका नाही."

मी म्हटलं, "परत सांगा."

परत सांगितलं. तेव्हा कुठे मी गॉगल काढला.

१६ नोव्हेंबर, रविवार

पोरगा घरी. डाव्या डोळ्यावर पट्टी. मी चहा केला, कप त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "हळू, गरम आहे, सांडशील." मग लक्षात आलं. म्हटलं, "म्हणजे... सांडाल."

तो हसायला लागला. हसताना डोळा दुखला, तरी हसतच राहिला. "काल मला गाढव म्हणालात! थोबाडीत द्यायला निघाला होतात!"

"माफ करा हो, त्या भरात..."

आणि एकदम त्याचा आवाज चढला. वर्षभरात पहिल्यांदा! "माफी कसली मागताय? डब्यावर लिहिलं होतं — ॲल्युमिनियमला लावू नका, साध्या रबराला चालणार नाही! आणि तुमचा पंप नेमका ॲल्युमिनियमचा! मी तीनदा वाचलं होतं!"

"मग बोलला का नाहीस?" मीही चढलो.

"तुम्ही बोलू द्याल तर ना! तुमचं ते 'अहो' सुरू झालं की माझं तोंडच बंद होतं. कुणी मोठे पाहुणे आलेत आणि मी त्यांच्या तैनातीला, असं वाटतं. माझ्याच घरात!"

"आणि मी? मी तर रोज बशी धुतानासुद्धा आवाज होणार नाही याची काळजी घेतो!"

"कोणी सांगितलं घ्यायला?"

"कोणी नाही!"

चहा गार. मग तो हळूच म्हणाला, "तो डेक मी केलाय, बाबा. लग्नाच्या आदल्या वर्षी. एकेक स्क्रू. टाइल्स मला नकोतच. पण बोलायचं कुणाजवळ?"

मला तो चर आठवला. त्यावरून फिरणारं त्याचं बोट आठवलं. मी म्हटलं, "ती फळी—"

"उलटून लावू. खालची बाजू कोरी आहे."

नंतर लेकीला फोन केला. मी सगळं सांगितलं, काही न लपवता. ती माझ्यावर ओरडली, मग त्याच्यावर ओरडली, मग रडली, मग म्हणाली, "दोघं एकमेकांशी बोललात?" आम्ही म्हटलं, भांडलो. म्हणाली, "बरं झालं."

१७ नोव्हेंबर, सोमवार

अंडी तीन. तिसऱ्यासाठी तो म्हणाला, "घ्या ना बाबा." मी घेतलं आणि खाल्लं! तो बघतच राहिला. "अर्धं तरी द्यायचं!" म्हणाला. म्हटलं, मागायचं होतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

परत त्याच दुकानात. तो पट्टीसकट. बाईने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बोला, काय बोलायचं ते बोला." ती म्हणाली, "डोळा बरा आहे ना? मग झालं."

दुकानात तासभर भांडलो. मजा आली. मला बॅटरीवरचा हवा होता, हाताने हवा भरून खांदा दुखतो. तो म्हणाला, बॅटरीवरच्या पंपाच्या आतली मोटर या औषधाला चालते असं कुठेही लिहिलेलं नाही, दाखवा लिहिलेलं असेल तर. मी शोधलं. नव्हतं. हाताचाच घेतला — त्या दिवशीचा तो प्लॅस्टिकचा, वेगळ्या रबराचा. खेळणं म्हणालो होतो मी त्याला!

ब्रशवरून दुसरी फेरी. मला तारेचा, तो म्हणाला लाकूड ओरबाडेल आणि तारांचे तुकडे अडकून गंजतील. मग मी जनावराच्या केसांचा ब्रश उचलला. बाईच मधे पडली, "तो कॉस्टिकमध्ये विरघळेल. नायलॉनचा घ्या." लांब दांड्याचा घेतला, म्हणजे कंबर वाचेल. उजळायच्या औषधाला वेगळं भांडं हवं, दोन्ही औषधं एका पंपात घालायची नाहीत. त्यासाठी प्लॅस्टिकची झारी. ती कल्पना माझी! बाईलाही पटली. आणि गॉगल — दोन. चढवून आरशात पाहिलं. दोन बेडूक.

जुना पंप तिथेच भंगारात दिला. फार वाईट नाही वाटलं. थोडं वाटलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पट्टी निघाली! डॉक्टरीणबाईंनी त्याला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. मी बाजूला उभा राहून मनातल्या मनात वाचत होतो. सर्वांत खालची ओळ मला उघड्या दोन्ही डोळ्यांनी दिसेना, त्याने एका डोळ्याने घडाघडा वाचली. बाहेर आल्यावर म्हणाला, "बाबा, चष्मा बदला तुमचा." म्हटलं, तू गप रे.

आज किती दिवसांनी पोटभर जेवलो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

झालं!!

त्याला औषधाजवळ जायला अजून मनाई. म्हणून तो बंद खिडकीच्या काचेआड खुर्ची टाकून बसला आणि फोनवरून हुकूम सोडायला लागला. फोन माझ्या खिशात, आवाज मोठा केलेला. "बाबा, नोझल वर. अजून वर. एकाच जागी मारू नका. तो कोपरा राहिला. सुकू देऊ नका, परत मारा!" इतके दिवस "हं" म्हणणारा हाच का तो माणूस! मास्तर कुंपणापाशी येऊन म्हणाले, "तुमचा खिसा बोलतोय."

पंपाने काही कुरबूर केली नाही. हलका फवारा, एकसारखा. जोर लागतच नाही मुळी. पंधरा-वीस मिनिटांत जुना रंग सुरकुतला, मऊ पडला, सायीसारखा गोळा झाला. ब्रश फिरवला की तपकिरी राड, आणि राडीखाली लाकूड. नळीने साध्या धारेने धुतलं. ओलं असताना काळपट दिसलं, मी नळी टाकून वाकून बघायला लागलो. खिशातून आवाज — "घाबरू नका, आता झारी."

झारीने दुसरं औषध शिंपडलं. आणि डोळ्यांदेखत काळं उतरत गेलं, मधाचा रंग वर आला. रेषा दिसायला लागल्या, गाठी दिसायला लागल्या. परत धुतलं. झाडांवरच्या चादरी काढल्या. एक पान जळलं नाही.

मी गॉगल काढून खिडकीकडे पाहिलं. तो काचेला नाक लावून उभा होता. फोन कानाला, पण बोलत काहीच नव्हता. मी म्हटलं, "काय रे, लाइन कट झाली का?"

"हं," म्हणाला. या "हं"चा अर्थ मला कळला.

संध्याकाळी सुकलेल्या फळ्यांवर दोघं अनवाणी बसलो. पाठ मोडलीये. खांदा बोलतोय. पण इतकं हलकं मला ही गेल्यापासून वाटलं नव्हतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

लेक आली. बूट काढले, डेकवर गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. पाय मुद्दाम घासून पाहिला. घसरला नाही. मग नवऱ्याची हनुवटी धरून डोळा उजेडात तपासला, जसा काही तोही तिनेच बांधलेला. मग आमच्या दोघांकडे पाहून म्हणाली, "तुम्ही एकमेकांना अरे-तुरे कधीपासून करायला लागलात?"

तो म्हणाला, "फक्त ते करतात. मी अजून मार खायला तयार नाही."

२७ नोव्हेंबर, गुरुवार

लेकीची बदली. बढतीवर, दोन वर्षं, नव्या पुलावर. रात्रभराच्या प्रवासाइतकं लांब. तिला आनंद लपवता येईना आणि दाखवताही येईना. जेवताना म्हणाली, "यांचं काम इथलं, यांना येता येणार नाही. पण बाबा, तुमचं ठरलेलंच. तिथे दोन खोल्यांचं घर देतायत. सामान बांधायला घ्या."

त्याने ताटातून मान वर केली नाही. घास मात्र हातातच थांबला.

मी म्हटलं, "तू जा गं. सुट्टीला येत जा. आम्ही आहोत घरी."